भिंग डोळ्याशी

व्याख्यानाला बोलावणारे आधी परिचय मागतात आणि तिथंच माझी पंचाईत होते. भूशास्त्राची एम.एस्सी., बोअरवेलच्या कंत्राटदाराकडची नोकरी, दैनिकातली रात्रपाळी, आकाशवाणीवरची भाषणं, कीटकनाशकांच्या पत्रकांचे अनुवाद, संग्रहालयातल्या पाट्या, शाळांतल्या कार्यशाळा. ही जंत्री वाचून सूत्रसंचालक ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ म्हणतो आणि मोकळा होतो. या सगळ्या उद्योगांत माझ्याबरोबर सलग टिकलेली वस्तू एकच : दहा पट मोठं दाखवणारं, मिटून खिशात मावणारं भिंग.

ते वापरायला शिकवलं कॉलेजच्या सरांनी, सह्याद्रीतल्या एका घाटात. नवखा माणूस भिंग दगडावर धरतो आणि स्वतः लांबून वाकून बघतो. तसं करायचं नसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि दगड हळूहळू जवळ आणायचा. इंचभरावर आला की एकदम लख्ख दिसतो. लांबून नुसता काळा वाटणारा बसाल्ट तेव्हा काळा राहत नाही. त्यात पांढुरक्या काड्या, हिरवट कण, चकाकणारे पैलू दिसायला लागतात.

पहिली नोकरी पाण्याच्या जागा दाखवण्याची. विहिरीवर बाई आलीय म्हटल्यावर निम्मं गाव जमायचं. जत तालुक्यातल्या एका विहिरीवर मालक, तात्या, कातावून बसले होते. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून तिथं खणायला घेतलेलं. सुरुंग झाले, यारी लावून दगड उपसून झाला, तरी उपळ लागेना. मी अहवालात लिहिलं, ‘पोकळ्या दुय्यम खनिजांनी भरल्यामुळे खडकाची पारगम्यता अत्यल्प आहे.’ तात्यांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, “ताई, पानी लागंल का न्हाई, तेवढं सांगा.”

मी ढिगातला मांजऱ्या दगड उचलला, भिंग त्यांच्या डोळ्याशी धरलं आणि दगड जवळ आणला. लाव्हारस थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ही भोकं. पुढं त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यातलं झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी तिथंच साचत गेली. तात्या बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी भोकं हायती, पर बुजल्याती.”

माझा पानभर अहवाल त्यांनी एका दमात उरकला होता. विज्ञान कसं लिहायचं याचं शिक्षण मला कुठल्या अभ्यासक्रमात मिळालं असेल तर ते त्या विहिरीवर.

छापून येण्याची वेळ मात्र वाईट कारणानं आली. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, जवळजवळ दहा हजार माणसं गेली, आणि पाठोपाठ अफवा उठली की जमिनीखाली ज्वालामुखी जागा झालाय. दख्खनचा ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच विझला, हे सांगायला एका दैनिकाला भूशास्त्रवालं कुणीतरी हवं होतं. लिहिण्याआधी मी तिकडं जाऊन आले. पडक्या घरांतला दगड भिंगाखाली धरला तर तोच आपला बसाल्ट, चांगला टणक. दोष दगडाचा नव्हताच. गोलसर धोंडे नुसत्या मातीत रचलेल्या जाडजूड भिंती, आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. भिंती फुटल्या आणि छत माणसांवर आलं. मी एवढंच लिहिलं. त्या लेखावर मला उपसंपादकाची नोकरी मिळाली आणि ‘अमुक प्रकाशवर्षांपूर्वी’ असं लिहून आलेल्या बातम्या रात्री अकराला दुरुस्त करण्यात काही वर्षं गेली. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे, हे मी रोज नव्यानं सांगायची.

पुढं तीही नोकरी सोडली तेव्हा वडिलांनी, अण्णांनी, विचारलं, “पेन्शनचं काय?” मी थोरामोठ्यांचे दाखले दिले. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातलं संशोधन सोडून संपादकाच्या खुर्चीत बसले. नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. अण्णा म्हणाले, “नारळीकरांना महिन्याच्या महिन्याला पगार होता.” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. एका दिवाळी अंकाचं मानधन मला पुढच्या दिवाळीला मिळालं, तेव्हा तर मुळीच नव्हतं.

मग पडेल ते काम घेतलं. आकाशवाणीनं शिकवलं की ऐकणाऱ्याला मागं जाऊन वाक्य पुन्हा वाचता येत नाही. एका दमात दोन आकडे आले की पहिला गेलाच म्हणून समजा. कीटकनाशकांच्या पत्रकांचा टाइप इतका बारीक, की दगड बघायचं भिंग मला अक्षरांवर धरावं लागलं. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषाची पायरी सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं समजणारे शेतकरी मला भेटले आहेत. हिरव्या डब्यातही विषच असतं, हे वाक्य पत्रकात ठळक टाइपात यावं म्हणून मी भांडले. माझ्या नावानं छापलेल्या कित्येक लेखांपेक्षा त्या बिननावाच्या वाक्याचा मला जास्त अभिमान आहे.

जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या फोन सुरू झाले. लोणारचं विवर बसाल्टमधलं, म्हणून प्रश्न माझ्याकडं. पण रंगाचं कारण दहा पटींच्या भिंगात दिसणारं नव्हतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडं बोट दाखवेपर्यंत मी लिहायचं टाळलं. दुसऱ्या कुणाचा लेख आधी छापून आला, तो आला. आपल्या भिंगापलीकडचं ज्यानं पाहिलंय त्याला विचारूनच लिहावं, हा नियम मी रोजीरोटीचे वांधे असतानाही मोडला नाही.

या आयुष्याला शिडी नव्हती. बढती नाही, निवृत्ती नाही, आणि अण्णांचा पेन्शनचा प्रश्न अजून तसाच आहे. पण प्रत्येक नोकरीनं मला एक नवा वाचक दाखवला, आणि त्या प्रत्येकाची अडचण वेगळी होती. एकाच टेबलाशी बसून हे वाचक मला भेटले नसते.

हल्ली पदवी घेतलेली मुलं विचारतात, विज्ञानलेखक होण्यासाठी कुठला कोर्स करावा? पोटासाठी कुठलंही सरळ काम धरा, त्यात कमीपणा नाही. मात्र ज्यावर लिहायचं ती वस्तू आधी स्वतः जवळून बघा. आणि लिहून झालं की पहिला परिच्छेद ज्याच्यासाठी लिहिलाय त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. त्यानं तुमचं म्हणणं स्वतःच्या चार शब्दांत परत सांगितलं, तरच लेख छापायला द्या.