स्वस्त कॉलेज आणि दादाजानचं रजिस्टर

गेल्या वर्षी मे महिन्यात दुल्हेभाईंनी एक रंगीत माहितीपत्रक माझ्यासमोर ठेवलं. शेजारच्या राज्यातलं नर्सिंग कॉलेज. फी वर्षाला ६० हजार, प्रवेश परीक्षेची अट नाही. मूळ गुणपत्रिका आणि २० हजार रुपये एजंटाकडे दिले की जागा पक्की. "तुम पढी-लिखी हो, देखके बोलो," ते म्हणाले.

दुल्हेभाई फळांचा धंदा करतात. चार वर्षांचे दोन लाख चाळीस हजार त्यांनी कसेबसे मनात जुळवले होते. भाचीने माझ्या आग्रहाखातर बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली होती, पण निकालापर्यंत थांबायला घरात कुणी तयार नव्हतं.

मी लगेच 'नको' म्हटलं नाही, कारण बारा वर्षांपूर्वी अशाच एका पत्रकाला मी 'हो' म्हटलं होतं. माझ्या वर्गातली हुशार मुलगी, बाप रिक्षा चालवायचा. फी कमी आहे एवढंच मी पाहिलं. त्या संस्थेला मान्यताच नव्हती, हे तिसऱ्या वर्षी कळलं. मान्यता नाही म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे ती नर्सच नाही. आज ती एका दवाखान्यात मदतनीस आहे. भेटली की अदबीने सलाम करते. मला मात्र तिच्या नजरेला नजर देता येत नाही.

या वेळी मी कागद घेऊन बसले. कॉलेज भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का? आपल्याकडचं असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का? स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय आहे का? जिल्ह्यातलं एक खासगी कॉलेज मी आणि आपाने जाऊन पाहिलं. सकाळी अकरा वाजता वॉर्डात खाटा ओळीने होत्या, चादरी कडक इस्त्रीच्या, पण रुग्ण तीनच. बाहेर आल्यावर आपा म्हणाली, "बीमारच नाहीत, तर पोरगी शिकणार कुणावर?" तिचं शिक्षण सातवीपर्यंत. पण हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

मग फीचा हिशोब. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. म्हणजे एजंटाचं 'स्वस्त' कॉलेज आम्हाला सगळ्यात महाग पडणार होतं.

दुल्हेभाई बागवान. बागवान ओबीसीत आहेत. पण त्यांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम'. आपल्यातल्या किती घरांची हीच कथा! ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. दुल्हेभाईंचे वडील, म्हणजे भाचीचे दादाजान, नगरपालिकेच्या उर्दू शाळेत चार इयत्ता शिकले होते, एवढंच घरात माहीत होतं.

मी त्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाट उघडून दिलं. वाळवीने कडा खाल्लेली, उर्दूत लिहिलेली रजिस्टरं. तिसऱ्या दिवशी १९५३ च्या पानावर ते सापडले: नाव, वडिलांचं नाव, पेशा मेवाफरोश, कौम मुसलमान, आणि पुढे बारीक अक्षरात 'बागवान'. वीस वर्षं मी मुलांना उर्दू शिकवते. उर्दू वाचता येण्याचा असा रोकडा उपयोग त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

उतारा, मराठी भाषांतर, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, मग पडताळणी समिती. या धावपळीत दुल्हेभाईंचे कितीतरी दिवस मोडले. एकदा वैतागून ते म्हणाले, एजंटाने एका दिवसात काम केलं असतं. खरंच केलं असतं.

मध्येच कुणीतरी विचारलं, मुलगी रात्रपाळी करणार का? उत्तर आपाने दिलं. "अम्मीजान आयसीयूत होत्या तेव्हा रात्री दोनला त्यांची कूस बदलणारी कुणाची तरी मुलगीच होती. तेव्हा आपण दुवा दिली. आता तोंड का वाकडं करायचं?"

दुसऱ्या फेरीत भाचीला शेजारच्या जिल्ह्यातलं खासगी कॉलेज मिळालं. शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ. वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं आणि वॉर्डात जाण्यायेण्याचं भाडं मात्र घरचं. तेही जड आहे, पण झेपतं. मूळ कागद जमा करताना तिने सगळ्याच्या प्रती काढून पोच घेतली.

आता दरवर्षी आठवीच्या पालकसभेत मी एकच गृहपाठ देते, तोही पालकांना: मुलांचे दादा कुठल्या शाळेत शिकले, ते शोधून काढा. बारावीनंतर शोधायला लागलात तर एजंट तुमच्या आधी दारात पोचलेला असतो.