बाळाची टाच, बीसीजी आणि आजीला विचारायचा प्रश्न

मंडळाच्या कामानिमित्त नव्या आई-बाबांशी बोलणे होते, तेव्हा एक तक्रार हमखास कानावर येते. "भारतात जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात. इथे महिना होत आला तरी कुणी नाव काढत नाही!" पुण्या-साताऱ्याहून आजींचे फोन त्या काळजीत भर घालतात. उलट काही जोडपी हळूच विचारतात, "एवढ्याशा जिवाला इतक्या लशी सोसतील का?" प्रश्न दोन टोकांचे वाटतात, पण उत्तराचा धागा एकच आहे. गेल्या वर्षी आमच्या घरी पाळणा हलला. त्यात आम्हा दोघांपैकी एकाचा पेशा रसायनशास्त्राचा, म्हणून हे चार शब्द.

प्रथम बीसीजीविषयी. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर तिचा वण आहे. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईंच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षे पुन्हा पुन्हा वाढवून निर्बळ केला आणि १९२१ साली ही लस प्रथम एका बाळाला दिली गेली. लहान मुलांमध्ये क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू नये, यासाठी ती फार मोलाची. ब्रिटनमध्ये शाळेत सरसकट बीसीजी देण्याची पद्धत २००५ साली बंद झाली. आता ज्या बाळांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा क्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्मले, त्यांना ती देतात. म्हणजे आपली बाळे आलीच.

पण निर्बळ असला तरी हा जंतू जिवंत असतो. सुदृढ बाळ त्याला सहज आवरते. सुमारे पन्नास हजारांत एखादे बाळ मात्र असे जन्मते, की त्याच्या रक्तात टी-पेशी जवळजवळ नसतातच. या आजाराला थोडक्यात 'स्किड' म्हणतात. अशा बाळाच्या शरीरात बीसीजीचा जंतू सर्वत्र पसरू शकतो. आणि पंचाईत अशी, की हे बाळ जन्मतः गुटगुटीत दिसते, कारण पहिले काही महिने आईकडून आलेली प्रतिद्रव्ये त्याला सांभाळतात. म्हणून नुसती प्रतिद्रव्ये मोजून काही कळत नाही. ती आईची शिदोरी असते, बाळाची कमाई नव्हे.

मग बाळाची कमाई मोजायची कशी? शिंप्याने किती कपडे बेतले हे पाहायचे असेल, तर मशीनखालच्या चिंध्या मोजाव्यात, तसे. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी-पेशी तयार होताना तिच्या जनुकातला एक तुकडा कापला जातो आणि त्याचे छोटे वेटोळे होऊन पेशीत पडून राहते. त्याला 'ट्रेक' म्हणतात. पुढे पेशीच्या दोन, चार, आठ झाल्या तरी वेटोळ्यांची संख्या वाढत नाही. त्यामुळे ट्रेक मोजले की थायमसने नव्या पेशी किती घडवल्या याचा अंदाज येतो. त्यासाठी कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब पुरतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २००८ साली सर्व नवजात बाळांसाठी ही तपासणी सर्वप्रथम सुरू केली.

इंग्लंडच्या काही भागांत सप्टेंबर २०२१ पासून, पाचव्या दिवशी टाचेतून घेतात त्याच रक्तावर, ही तपासणी सुरू झाली. निकाल हाती येईपर्यंत थांबता यावे म्हणून तेव्हापासून बीसीजी जन्मल्याबरोबर न देता अठ्ठावीस दिवसांनंतर देतात. तेव्हा आजींना खुशाल सांगावे, की हा हलगर्जीपणा नाही. आठव्या आठवड्यात तोंडावाटे देतात ती रोटाव्हायरसची लसही जिवंत असते, म्हणून तीही स्किडच्या बाळाला देत नाहीत. त्याच वेळी टोचतात त्या सहा रोगांवरच्या एकत्रित लशीत मात्र जिवंत जंतू नसतात. "लस सुरक्षित आहे का?" याच्या जोडीला "कोणती लस, कोणत्या बाळाला?" हे विचारले, की भीतीला आकार येतो आणि ती आवाक्यात येते.

आता यंत्राला न कळणारी गोष्ट. आमच्या नर्सबाईंनी विचारले, "घराण्यात कुणी मूल तान्हेपणी गेले होते का?" आम्ही "नाही" म्हणणार होतो, पण बाळाच्या आईने साताऱ्याला आपल्या आईला फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या आधी एक होता. सात महिन्यांचा झाला. सारखा खोकला, सारखे जुलाब. नाव ठेवलं होतं, यशवंत." चाळीस वर्षे घरात कुणी ते नाव उच्चारले नव्हते. आपल्याकडे अशा बाळांचा फोटो नसतो, तिथी पाळत नाहीत. ते नेमके कशाने गेले हे आता कळणार नाही. पण स्किडचा एक मुख्य प्रकार आईकडून मुलग्यांना येतो, म्हणून मामाची ही हकिकत नर्सबाईंनी लिहून घेतली. आमच्या मुलाचा निकाल चांगला आला, आणि पाचव्या आठवड्यात त्याला बीसीजी दिली.

नव्या आई-बाबांना एवढेच सुचवतो: बाळ येण्याआधीच दोन्हीकडच्या आजींना हा प्रश्न विचारून ठेवा. आईच्या माहेरी विशेष करून, कुणी मुलगा वर्षाच्या आत गेला होता का? घाईने विचारू नका, बोलू द्या. उत्तर "हो" आले तर मिडवाइफला लगेच कळवा. तपासणीनंतर पुन्हा रक्त द्यायला बोलावले, तर धीर सोडू नका. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांत ट्रेक पुष्कळदा कमी भरतात. आणि खरोखर स्किड निघालेच, तर जंतुसंसर्ग होण्याआधी, पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत, अस्थिमज्जेचे रोपण झालेल्या शंभरांपैकी नव्वदहून अधिक बाळे जगतात. अठ्ठावीस दिवस झाले, निकाल ठीक आला, की मग मात्र बीसीजीची तारीख टाळू नका. कुणाचा फोन आला नाही तर आपणहून हेल्थ व्हिजिटरना विचारा.