नाव हिंदुस्थानचे, पाणी बर्टनचे

लंडनहून डर्बीला जाणारी आगगाडी सेंट पँक्रास स्थानकातून सुटते. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे जाताना आम्हां उभयतांना तेथे तासभर थांबावे लागले. फलाटांच्या खालच्या मजल्यावर, जेथे आज पॅरिसला जाणाऱ्या उतारूंची रांग लागते, तेथे ओतीव लोखंडाच्या खांबांचे एक अरण्यच उभे आहे. मी ते न्याहाळीत होतो. आम्हांला न्यायला आलेले जावईबापू म्हणाले, "बाबा, हे खांब एवढ्याच अंतरावर का रोवले असतील, सांगा बघू!" मला सांगता येईना. तेव्हा त्यांनीच उलगडा केला. हे स्थानक 1868 साली सुरू झाले. बार्लो नावाच्या इंजिनिअरने तळघराची आखणी करताना बिअरचे लाकडी पिंप हेच माप धरले होते. बर्टनहून गाड्या भरभरून पिंपे यायची आणि ती या तळघरात रचली जायची. एवढे सांगून जावईबापू हसत म्हणाले, "आणि त्यातल्या ज्या बिअरने बर्टनचे नाव जगभर गाजले तिचे नाव काय, ठाऊक आहे? इंडिया पेल एल!"

गाडीत बसल्यावरही ते नाव माझ्या डोक्यातून जाईना. फिकट रंगाची, हॉप्स नावाच्या वेलीच्या बोंडांनी कडू केलेली ही बिअर इंग्लंडात होते, अमेरिकेत होते, आता जगात कोठेही होते. आणि नाव मात्र आपल्या देशाचे. आपल्या देशाने तिला दिले तरी काय?

येथे वाचकांपाशी थोडा खुलासा केला पाहिजे. आमचे घराणे चार पिढ्या बडोद्यात आहे. 1960 साली गुजरात राज्य झाले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे, आणि मद्यावर लेख लिहिणारा बडोदेकर ही वस्तू तशी दुर्मीळच. पण मी आजवर दूर राहिलो तो केवळ कायद्याच्या धाकाने नव्हे. माझे थोरले बंधू, आमचे दादा, ऐन चाळिशीत दारूपायी गेले. ज्या राज्यात दारू मिळत नाही असे म्हणतात, त्याच राज्यात गेले. त्यांच्या पश्चात आमच्या घरात हा विषय कोणी काढीत नसे. म्हणून जावईबापूंनी "बर्टन येथून पाव तासाच्या अंतरावर आहे, बघायला जायचे का?" असे विचारले तेव्हा मी चटकन होकार दिला नाही. मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, "गाव बघायला काय हरकत आहे?" 'गाव' या शब्दावर तिने जो जोर दिला तो आम्हां दोघांनाही कळला.

बर्टन गाव दिसायला बेताचेच. विटांची तांबडी घरे, उंच जुनी गोदामे आणि त्यांना चिकटून पोलादाच्या नव्या टाक्या. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच भाजलेल्या धान्याचा उबदार वास आला. आपल्याकडे भाजणी भाजताना येतो त्याचाच चुलतभाऊ म्हणावा असा. त्यात आणखी एक खारट, दाट वास मिसळलेला होता, तो मार्माइटचा. पावाला लावायचा हा काळा लेप येथे 1902 पासून होतो, आणि तो बिअरच्या कारखान्यांतून उरणाऱ्या यीस्टचाच असतो. गावाच्या एका अंगाने ट्रेंट नदी संथ वाहते. नदीकाठी हजार वर्षांपूर्वी बेनेडिक्टाइन पंथाचा मठ स्थापन झाला, आणि बिअर गाळण्याची येथली परंपरा त्या मठापर्यंत मागे नेतात. मात्र बिअरचे पाणी नदीचे नसते, विहिरींचे असते. भूगर्भात जिप्समचे थर आहेत. दिवाळीत आपण जिची रांगोळी काढतो तीच ही चिरोडी. त्यातून झिरपणारे पाणी सल्फेटाने जड होते. चहाला असले पाणी नकोसे, पण हॉप्सचा कडूपणा त्यात स्वच्छ आणि धारदार उतरतो. इतर गावचे बिअरवाले आपल्या पाण्यात मुद्दाम जिप्सम घालू लागले, तेव्हा इंग्रजीत त्या क्रियेला बर्टनचेच नाव पडले.

पूर्वी येथे बिअरचे मोठे संग्रहालय होते. ते 2022 साली बंद झाले. तेव्हा इतिहास पायी हिंडत आणि जावईबापूंच्या तोंडूनच ऐकावा लागला. त्यातला थोडासा सांगतो.

हिंदुस्थानला जाणारी फिकट बिअर प्रथम बर्टनची नव्हतीच. लंडनच्या पूर्वेस बो येथे जॉर्ज हॉजसनने 1752 साली कारखाना काढला. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच ब्लॅकवॉलला नांगरत. जहाजांच्या कप्तानांना खासगी व्यापाराची मुभा असे, आणि हॉजसन त्यांना दीड-दीड वर्षाच्या उधारीवर माल देई. जाताना जहाजे हलकीच असत, म्हणून भाडेही स्वस्त पडे. चार ते सहा महिन्यांच्या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडले जाई. पोटातली पिंपे हेलकावत, तापत, निवत, आणि तळघरात मुरायला जिला वर्ष-दोन वर्षे लागली असती ती बिअर कलकत्त्याला तयार होऊनच उतरे. पुढे हॉजसनच्या वारसांना लोभ सुटला. त्यांनी उधारी बंद केली आणि कप्तानांना डावलून स्वतःच माल धाडू लागले. इकडे बर्टनचा रशियाशी चालणारा व्यापार 1822 च्या जकातीने बुडाला होता. कंपनीचे एक संचालक मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युएल ऑल्सपला जेवायला बोलावून हॉजसनच्या बिअरसारखी बिअर करण्याची सूचना केली. तिचा पहिला नमुना चहाच्या किटलीत शिजवला होता, असे गावात अजून सांगतात. पुढच्याच वर्षी बर्टनची बिअर हिंदुस्थानच्या वाटेला लागली. पाठोपाठ बास आले आणि अर्धशतकात जगातला सर्वांत मोठा बिअरचा कारखाना होऊन बसले.

'साधी बिअर वाटेत नासे म्हणून ही मुद्दाम शोधून काढली,' ही लोकप्रिय कथा मात्र खरी नाही. काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येई आणि छावणीतले गोरे शिपाई ती आनंदाने पीत. फिकट बिअर होती ती साहेबलोकांची. हॉप्समधील आम्ले आंबवणाऱ्या जिवाणूंना रोखतात, हे शास्त्र मात्र खरे आहे.

शास्त्राचा विषय निघाला म्हणून सांगतो. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. पेटर ग्रीस या जर्मन शास्त्रज्ञाने 1858 साली डायझो संयुगे शोधली. कापडावरच्या ॲझो रंगांचे सारे घराणे त्यांच्यापासून निघाले. सयाजीराव महाराजांनी 1890 साली काढलेल्या आमच्या कलाभवनात रंगकाम शिकवले जाई, आणि नायट्राइट ओळखण्याची ग्रीसची कसोटी मी स्वतः कितीतरी तुकड्यांना दाखवली. हा ग्रीस पोटापाण्यासाठी काय करी, याची मी कधी चौकशी केली नव्हती. तो 1862 पासून 1888 साली मृत्यू येईपर्यंत याच बर्टनमध्ये, ऑल्सपच्या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता! एका जुन्या भिंतीपाशी जावईबापूंनी हे सांगितले तेव्हा मी थबकलो. ज्याचे नाव मी इतकी वर्षे आदराने फळ्यावर लिहिले, तो माणूस दररोज सकाळी हाच वास घेत कामावर जात होता.

दुपारी एका जुन्या गुत्त्यात शिरलो. गुत्ता हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे. हे लाकडी बाकांचे, एखाद्या वाचनालयासारखे शांत ठिकाण होते. जावईबापू हलक्या आवाजात म्हणाले, "बाबा, तुमची इच्छा असेल तरच. नाहीतर दोघेही चहा घेऊ." दादांचे सारे त्यांना ठाऊक होते. मी म्हणालो, "अर्धा मागवा. दोघांत." पिंपाची तोटी सोडून जगात धरलेली बास आमच्यापुढे आली. रंग मधाचा, फेस बेताचा, आणि बर्फाचा गारठा मुळीच नाही. माठातल्या पाण्याइतकीच थंड. नाकाशी नेताच किंचित गंधकाचा वास आला. तो या पाण्याचा, आणि येथले लोक त्याचा अभिमान बाळगतात. पहिल्या घोटाला बिस्किटासारखी गोडसर चव लागली, ती मोड आणून वाळवलेल्या जवाची. आणि घोट गिळल्यावर मागून कडूपणा आला. कारल्याची भाजी पहिल्या घासाला नको वाटते आणि चौथ्या घासाला तिच्यावाचून जेवण अपुरे वाटते, तसे काहीसे झाले. पाडव्याला कडुनिंब खाणाऱ्या माणसाला ही चव परकी वाटू नये. जीभ कोरडी होते आणि पुढचा घोट मागते. ते मागणे मला स्पष्ट जाणवले. दादांनाही ते असेच जाणवले असेल का, असा विचार मनात येऊन गेला. पेल्यात चार बोटे उरली होती, ती मी जावईबापूंकडे सरकवली. त्यांनी काही विचारले नाही.

मग पुढचा आठवडा घरीच अभ्यास चालला. चहाच्या लहान पेल्यात दोन-दोन घोट, यापुढे मजल नाही. पण फरक कळायला तेवढे पुष्कळ होते. दुकानात मिळणारी एक इंग्रजी बिअर नावाने इंडिया पेल एल, पण मद्यार्क साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पहिल्या महायुद्धात कर आणि निर्बंध यांनी बिअर पातळ झाली ती पुन्हा पूर्वीसारखी दाट झालीच नाही. चव सौम्य, पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी. हे माझे मत. जावईबापूंना ती आवडते. दुसरी बाटलीतच मुरणारी. तळाशी जिवंत यीस्टचा थर, म्हणून आमटीवरचे पाणी निवळून घ्यावे तशी अलगद ओतायची. तिच्यात सुक्या गवताचा आणि मुरांब्याचा वास होता. तिसरी अमेरिकन तऱ्हेची. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने 1975 साली कॅस्केड जातीचे हॉप्स घालून एक बिअर काढली, तेव्हापासून हे नवे वळण लागले. तो कारखाना 2023 मध्ये बंद पडला, पण वळण राहिले. हॉप्स आधी उकळले तर कडूपणा उतरतो. शेवटी किंवा थंड बिअरमध्ये घातले तर त्यांची सुगंधी तेले टिकतात. अमेरिकनांनी दोन्ही सढळ हाताने केले. पपनसाची साल नखाने सोलावी आणि शेजारी कोणी देवदाराची ढलपी जाळावी, असा तो वास. चौथी व्हर्माँटकडची गढूळ तऱ्हा; पिकल्या आंब्याच्या पन्ह्यासारखी, कडूपणा जवळजवळ नाहीच. सौ.ने तिचा फक्त वास घेतला आणि म्हणाली, "ही चांगली आहे. पण मग हिला पन्हेच का म्हणत नाहीत?" या प्रश्नाला उत्तर नव्हते.

या सर्वांत हिंदुस्थान कोठे, हे मी शोधीत होतो. जव इंग्लंडचे, हॉप्स केंट परगण्याचे, पाणी बर्टनचे, पिणारेही गोरेच. पिंपावरचा पत्ता तेवढा आपला. येथे जी होऊ लागली ती कसौलीला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, एडवर्ड डायर नावाच्या माणसाच्या कारखान्यात. जालियनवाला बागेत गोळ्या झाडण्याचा हुकूम देणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा. हे कळल्यावर त्या रात्री मी पेल्याला हात लावला नाही.

शेवटी डर्बीशायरच्या डोंगरांतल्या बेकवेलला सहकुटुंब गेलो. सौ. आणि मुलगी तेथील प्रसिद्ध पुडिंगसाठी. आम्ही थॉर्नब्रिजच्या कारखान्यासाठी. बर्टनची एक जुनी पद्धत होती, युनियन नावाची: ओळीने मांडलेली ओकची पिंपे, प्रत्येकातून हंसाच्या मानेसारखी नळी वर गेलेली. आंबणारी बिअर फेसासह नळीतून वरच्या पन्हाळात चढते, यीस्ट तेथे राहते आणि निवळ बिअर पुन्हा पिंपात उतरते. 1838 साली पेटंट घेतलेली ही रचना बर्टनमध्ये मार्स्टनच्या कारखान्यात शेवटपर्यंत चालू होती. 2024 मध्ये तीही थांबली. त्यातला एक संच तेवढा थॉर्नब्रिजने आणून येथे पुन्हा चालू केला आहे. गावात तिची कदर उरली नाही आणि पाहुण्याच्या घरी ती रांगेला लागली. आम्ही गेलो तेव्हा पन्हाळात पिवळसर फेस मंद फुटत होता.

तेथेच त्यांची 2005 पासूनची बिअर घेतली. मद्यार्क 5.9 टक्के, नाव जयपूर! राजस्थानचा तिच्याशी संबंध नाही, पण हॉजसनपासूनची खोड ती हीच. आधी मध, मग मोसंब्याची साल, आणि शेवटी तो बर्टनचा कोरडा, लांबणारा कडूपणा. चाखलेल्यांत ही मला सर्वांत आवडली. अर्धा पेला मी पुरता संपवला, आणि जावईबापूंनी 'आणखी?' असे न विचारता दोन चहा मागवले.

येताना त्या बिअरची एक रिकामी बाटली स्वच्छ धुऊन बॅगेत घातली होती. बडोद्याच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत ती ठेवली आहे; सौ.ने तिच्यात मनीप्लांट लावला आहे. त्याआधी तिने ती रात्रभर गरम पाण्यात भिजवली आणि वरचे लेबल नखाने काढून टाकले.