परसातली हिवाळी राखण

मार्गशीर्ष सरत आला की निफाडच्या पट्ट्यात रात्री निरभ्र होतात आणि वारा पडतो. दिवसभर जमिनीने साठवलेली ऊब अशा रात्री कशालाच न अडता आभाळात निघून जाते. पहाटे पारा कधी 10, तर कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षमळ्यांत शेकोट्या पेटतात, घडांसाठी माणसं रात्र जागतात. परसातल्या झाडांसाठी मात्र सहसा कुणी उठत नाही, आणि माझा जीव तिथेच अडकतो.

थंडी सगळ्याच झाडांच्या मुळावर येत नाही. जाणत्या आंब्याला तर ती हवीच असते. गारठ्यात त्याची नवी पालवी थांबते आणि जून फांद्यांच्या शेंड्यांवर मोहराचे डोळे फुगू लागतात. त्याच्या आणि थंडीच्या मध्ये आपण येऊ नये.

केळ मात्र उष्ण, दमट मुलखाची लेक. पारा 10 अंशांपाशी रेंगाळू लागला की तिची वाढच खुंटते. सकाळी जवळ जाऊन पाहावं. पोंग्याचं पोपटी टोक तेवढं वर आलेलं असतं, दवाने भिजलेलं, घट्ट मिटलेलं. आठवडा उलटला तरी ते उलगडत नाही. खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपत जातात. जिच्या खांबांनी आपण सत्यनारायणाचा चौरंग सजवतो, तिची ही दशा पाहून गप्प बसवत नाही.

तिला पाणी द्यावं ते विहिरीचं. खोलवरचं पाणी बारा महिने जवळपास एकाच तापमानाचं असतं, म्हणून तर गारठलेल्या पहाटे विहिरीतून वाफा निघतात. ते आळ्यात सोडलं की मुळांना ऊब मिळते. शिवाय ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर गारठलेलं पाणी पहाटे झाडाला घालू नये.

पपईच्या, लिंबाच्या कोवळ्या रोपांना तुराट्यांचा किंवा गवताचा आडोसा करावा. तीन बाजू झाकाव्यात, आग्नेयेची उघडी ठेवावी. सकाळचं ऊन तिथून आत येतं. प्लास्टिक घातलंच तर ते पानांना टेकू देऊ नये. आणि अंगणातला पाचोळा पेटवू नये, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं. झाडाने स्वतःच्या अंगावरून उतरवून दिलेलं ते पांघरूण आहे. बुंध्यापासून थोडं अंतर सोडून त्याचा जाड थर आळ्यात पसरला, तर मुळं गारठत नाहीत.

करपलेली पानं पाहून हात शिवशिवतात, पण थंडी ओसरेपर्यंत कोयता लांब ठेवावा. ती वाळकी पानंच आतल्या कोंभावर छत्र धरून असतात. छाटणी लवकर झाली तर फुटणारा कोवळा फुटवा पुढच्या लाटेत सापडतो. महाशिवरात्र उलटते, दुपारी तापू लागतात, अडलेला पोंगा सुटतो आणि नवं पान पुरतं उलगडतं. वाळकं उतरवायचं ते त्यानंतर, खालून वर, एकेक करून.