वहीचा प्रवास

फळ्यावर ‘निबंध लिहा’ हे दोन शब्द उमटले, की वर्गात शांतता पसरते. ती विचारांचीच असते असे नाही; पुष्कळदा ती पाठ केलेली वाक्ये आठवण्याची असते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ अशा विषयावर त्या वाक्यांनी कसेबसे निभावते. पण एखादे मत मांडून ते दुसऱ्याला पटवून द्यायचे असले, की ही शिदोरी लवकर सरते.

दहावीच्या परीक्षेत अशा वैचारिक लेखनाची कसोटी लागते. १९६६ साली स्थापन झालेले राज्य मंडळ ही परीक्षा साऱ्या महाराष्ट्रासाठी घेते. उत्तरपत्रिका चंद्रपूरच्या मुलाची असो वा शिरूरच्या, तपासणाऱ्याला त्या मुलाचा चेहरा दिसत नाही, त्याचे गाव ठाऊक नसते. त्याच्यासमोर असतात ते केवळ शब्द.

हे ध्यानी घेऊन शिरूर तालुक्यातील एका खेड्यात मराठी शिकवणाऱ्या बाईंनी एक साधी युक्ती योजली. त्यांची धाकटी बहीण दौंडच्या एका शाळेत मराठीच शिकवीत असे. शिरूरजवळून वाहणारी घोड नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडकडे जाते. पाण्याप्रमाणे आता मुलांच्या वह्याही दौंडला जाऊ लागल्या, आणि दौंडच्या वह्या शिरूरकडे येऊ लागल्या. वाचणाऱ्याने निबंधाखाली ‘पटले’ किंवा ‘पटले नाही’ असे लिहावे आणि मनातली शंका विचारावी, असा नियम ठरला. पुण्याला जाणाऱ्या गाड्या वाढवाव्यात, असे दौंडच्या मुलांनी लिहिले, तेव्हा शिरूरच्या मुलांनी विचारले, “आमच्याकडे आगगाडीच नाही. तुम्हांला आणखी गाड्या कशाला?”

शिरूरच्या मुलांना विषय मिळाला होता, ‘शेतीला दिवसा वीज मिळावी’. एका मुलाने दोन पाने भरभरून लिहिली. वीज ही आधुनिक युगाची संजीवनी आहे, शेतकरी जगाचा पोशिंदा आहे, पोशिंद्याचे अश्रू पुसणे हे समाजाचे कर्तव्य आहे! वाक्ये मोठी डौलदार होती. आपल्याला पैकीच्या पैकी गुण मिळणार, याविषयी त्याला शंका नव्हती.

वही परत आली. खाली एका मुलीचे टपोरे अक्षर होते : ‘पटले नाही. माझे वडील रेल्वेत आहेत. दौंड जंक्शन आहे; येथे रात्रभर गाड्या येतात. वडीलही रात्रपाळीला जातात. मग शेतकऱ्याने रात्री काम केले, तर बिघडले कोठे?’

मुलगा संतापला. “बाई, हिला शेतीतलं काय कळतं?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “तिला ठाऊक नाही, म्हणून तर तू लिहायचंस. ज्याला आधीच पटलं आहे, त्याला पटवायचं कशाला? काल रात्री तुझ्या घरी काय झालं, ते या दोन पानांत कुठं आहे?”

मुलगा गप्प झाला. काल मध्यरात्री लाइट आली, तसे वडील उसाला पाणी द्यायला गेले होते. ते परत येईपर्यंत आई उंबऱ्यावर बसून होती. त्यालाही झोप लागली नव्हती. यातले एक अक्षरही वहीत नव्हते.

त्या दिवशी बाईंनी वर्गाला मुक्ता साळवेची हकीकत सांगितली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत ती शिकत होती. सुमारे चौदा वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. तिने अलंकार शोधले नाहीत. आपल्या बायका बाळंत होतात, तेव्हा डोक्यावर छप्परही नसते. थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हे तिने पाहिले होते, तेच सांगितले. ज्या धर्माचे ग्रंथ आम्हांला वाचू दिले जात नाहीत, तो धर्म आमचा कसा, असा बिनतोड सवालही तिने केला. तो निबंध वाचणाऱ्याला आजही त्या सवालाला बगल देता येत नाही.

मुलाने पुन्हा लेखणी उचलली. शेतीची वीज आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री; साऱ्यांच्या मोटारी एकदम चालल्या तर भार पेलत नाही, हे त्याने प्रांजळपणे मान्य केले. मग तो त्या मुलीच्या शंकेकडे वळला. रेल्वे रात्री धावते, कारण प्रवाशाला रात्रीही जायचे असते. उसाला मात्र पाणी रात्रीच हवे असे नाही. फलाटावर दिवे असतात, सोबती असतात. दारे धरणाऱ्याच्या हाती एक बॅटरी आणि एक काठी. ऊस वर्षभर उभा असतो, पुरुषभर उंच वाढतो, आणि बिबट्याची मादी त्यातच पिल्ले घालते. पाणी कोणत्या सरीत पोचले, हे वाकून पाहणाऱ्याला पाठीमागे काय आहे ते दिसत नाही. शेवटी त्याने उपाय मांडला. सूर्याची वीज दिवसाच तयार होते. त्यासाठी राज्य शासनाने २०१७ साली सौर कृषिवाहिनी योजना सुरू केली; ती गावोगाव लवकर पोचावी, एवढीच मागणी.

या वेळी उत्तर आले : ‘पटले. वडील रात्रपाळीला निघतात, तेव्हा आम्हांला भीती वाटत नाही. तुमच्या घरी वाटते, हे मला माहीत नव्हते.’

आपण जेथे उभे आहोत, तेथे दुसऱ्याला हाताला धरून आणावे आणि तेथले त्याला दिसू द्यावे. पटवणे ते हेच. परीक्षेत त्याचे गुण मिळतात, पण त्याचे मोल परीक्षेपाशी संपत नाही.

त्या रात्री मुलाने निबंध वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “गावाचा अर्ज द्यायचाय वीज कचेरीत. तो तूच लिही. हे सारं त्यात घाल.” आणि बॅटरी घेऊन उठले. त्या आठवड्यात पाळी रात्रीचीच होती.

बॅटरीचा उजेड उसात दिसेनासा होईपर्यंत मुलगा दारात उभा राहिला. मग आईजवळ उंबऱ्यावर बसून त्याने वही उघडली.