किट बसेल का?

‘फोल्डिंग सायकल, 20 इंची चाकं, सात गिअर, कमी वापरलेली. 13,000 रुपये.’ जाहिरातीतले ‘कमी वापरलेली’ हे शब्द टाइप करताना जरा लाजच वाटली. 2022 मध्ये ऑफिस पुन्हा सुरू झालं तेव्हा बोनसमधून घेतलेली ही सायकल. हिच्यावरून रोज कोथरूडहून हिंजवडीला जायचं ठरलं होतं. चांदणी चौकाच्या चढाने दुसऱ्याच आठवड्यात बेत मोडला.

मग नवा बेत. हिला मोटर बसवायची.

इंजिनिअर माणूस, आधी एक्सेल शीट उघडली. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 360 वॉट-अवर. किलोमीटरला 12 धरले तर तीस किलोमीटर. 250 वॉटच्या आत आणि ताशी 25 किलोमीटरच्या खाली राहिलं की ना लायसन्स, ना नंबर प्लेट. चाक लहान, त्यामुळे त्या वेगाला मिनिटाला साधारण 270 फेरे. मोठ्या सायकलला 200 पुरतात. म्हणजे मोटरही त्या हिशोबाची हवी. शीट वाढत गेली, सायकल बाल्कनीत धूळ खात राहिली.

एका रविवारी पुढच्या फोर्कमधलं अंतर मोजलं. 74 मिलिमीटर. बाजारातल्या नेहमीच्या मोटरला लागतात 100. फोर्क अ‍ॅल्युमिनियमचा, फाकवायची सोय नाही. शीट बंद केली आणि जाहिरात टाकली.

मेसेज आले, त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच: ‘इलेक्ट्रिक किट बसेल का?’ मी उत्तर कॉपी-पेस्ट करत होतो, ‘हो, करता येईल.’ खोटं नव्हतंच तसं. अरुंद मोटर शोधली तर पुढे बसते, नाहीतर मागच्या चाकात. शिवाय ‘हो’ म्हटलं की कुणी घासाघीस करत नव्हतं.

शनिवारी एक काकू आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, सोबत कापडी पिशवी. पिशवीत रोख पैसे. सायकल उघडली, मिटली, त्यांना फार आवडली. “दांडा खाली आहे, साडीवर बसता येईल.” त्या पोळी-भाजीचे डबे देतात. आत्तापर्यंत मुलगा गाडीवर पोचवायचा, त्याला बंगळुरूला नोकरी लागली. काकूंना गाडी येत नाही, लायसन्सही नाही. “तू लिहिलंयस ना, मोटर बसते म्हणून?”

“डब्यांचं वजन किती काकू?”

“पंधरा किलो. आणि माझं पंच्याऐंशी धर, लाजायचं काय त्यात.”

मनातल्या शीटमध्ये आकडे आपोआप पडले. किटचे सहा किलो मिळवून 106. सायकलवर छापलेली मर्यादा 100. चौकटीच्या मधोमध बिजागरी. बॅटरी ठेवायला त्रिकोण नाही, म्हणजे ती कॅरिअरवर, जिथे डबे जायचे. आणि पुढे मोटर बसवली तर सगळ्यात वाईट. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा आस तेवढ्याच जोराने उलटा फिरू पाहतो. त्याला धरून ठेवतात त्या फोर्कच्या टोकाच्या दोन खाचा. पोलाद आधी वाकतं, अ‍ॅल्युमिनियम बऱ्याचदा न सांगता तडकतं. मग चाक सुटतं.

काकू तोवर शंभर आणि दोनशेच्या नोटा मोजायला लागल्या होत्या.

“काकू, नका घेऊ.”

“का रे? आणखी कुणी जास्त देतंय का?”

“नाही. मी लिहिलं ते अर्धंच लिहिलं होतं.” मग उरलेलं अर्धं सांगितलं. फोर्क, बिजागरी, वजन, सगळं. त्या गप्प ऐकत राहिल्या. नोटा परत पिशवीत ठेवत म्हणाल्या, “मग आधी का नाही लिहिलंस? दोन बस बदलून आले.”

उत्तर नव्हतं. चहा केला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं सायकलच्या दुकानात गेलो. पोलादी चौकटीची साधी लेडीज सायकल घेतली, मजबूत कॅरिअरची. मोटर मागच्या चाकात बसवली आणि तिचा आस धरून ठेवणारी जास्तीची पोलादी पट्टी लावून घेतली. बॅटरी सीटच्या नळीमागे, त्यामुळे कॅरिअर डब्यांना मोकळं.

माझी सायकल महिन्याभराने हॉस्टेलवरच्या एका मुलाने नेली, साडेनऊ हजारांना. जिना उतरता उतरता त्याने विचारलं, “दादा, हिला किट बसेल का?”

मी त्याला थांबवलं आणि मोजायची टेप आणायला परत वर गेलो.