घरांतला दुसरा कारभारी

सेवानिवृत्त मनुष्याला स्वतःची अशी एक खोली असावी, हें आमच्या सुनेनें न सांगतां ओळखलें आणि माजघरापलीकडची मागची खोली आम्हांस दिली. खोली शांत, उजेडाची. परंतु पुण्यांतील जुन्या घराच्या जाड भिंती केवळ गोंगाटच अडवितात असें नाहीं. दिवाणखान्यांतल्या राउटरच्या बिनतारी लहरीहि माजघरापर्यंत येत आणि तेथेंच थकून बसत.

एरव्हीं आम्हांला त्याची खंत वाटली नसती. परंतु इंदूरला आमची थोरली बहीण असते. अक्काला आतां ऐकूं येत नाहीं. समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणें ओळखते. दर गुरुवारीं सायंकाळीं आम्ही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकमेकांचीं तोंडें पाहून बोलतों. मागच्या खोलींत तें चित्र अडखळे, आमचे ओठ अर्धवट उघडे राहत, आणि अक्का विचारी, "अरे बाळ, तूं बोलत कां नाहींस?" दिवाणखान्यांत जावें, तर तेथें सारें घर बसलेलें. बहीणभावांच्या कांहीं गोष्टी अशा असतात कीं, त्या चारचौघांत निघत नाहींत.

माळ्यावर एक जुना राउटर धूळ खात पडला होता. त्याला कामास लावावें, असें आमच्या मनानें घेतलें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें आपल्या देशांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केलें. पुढें टेलिफोनच्या तारेवर मोडेमचा किरकिराट ऐकत बसलेले आम्ही! एक केबल जोडावयास कोणाची मनधरणी कशाला? ६० फूट केबल आणून ती छताच्या कडेनें नेली. एक टोंक पुढच्या राउटरला लावलें, दुसरें मागच्याला, आणि विजेचें बटन दाबलें.

दहा मिनिटांत घर ठप्प झालें. सून घरूनच कचेरीचें काम करते; तिची सभा ऐन रंगांत असतां पडद्यावरील मंडळी गोठली. ती बाहेर आली व हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हीं कांहीं हलवलंत का?" आम्हीं म्हटलें, "हलविलें नाहीं, जोडलें." ती कांहीं बोलली नाहीं, तेंच आम्हांला अधिक लागलें.

सायंकाळीं अभियांत्रिकी शिकणारी नात घरीं आली. तिनें केबल उपटली, घर पुन्हां चालूं लागलें, आणि मग हंसून ती म्हणाली, "आजोबा, घरांत दोन कारभारी झाले होते!"

तिनें सांगितलें तें असें. जाळ्यांत शिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक आंकड्यांचा पत्ता लागतो. तो वाटण्याची जी व्यवस्था राउटरमध्यें असते तिला डीएचसीपी म्हणतात. आमचे दोन्ही राउटर पत्ते वाटीत होते, आणि मागणारें यंत्र ज्याचें उत्तर आधीं येई त्याचें मानी. त्यांत दोघांचा स्वतःचा पत्ताहि एकच : १९२.१६८.१.१. त्यामुळें बाहेर जावयाची विनंती कधीं पुढच्याकडे जाई, कधीं जुन्याकडे. आणि जुन्याला तर बाहेरची वाटच नव्हती.

मग तिनें जुना राउटर एकट्या संगणकाला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. पुढच्याची वाटपाची यादी १०० पासून सुरू होत असल्यानें हा आंकडा दुसऱ्या कोणास जाण्याची भीति नव्हती. नंतर जुन्याचें डीएचसीपी बंद केलें. केबल 'वॅन' खांचेंत न लावितां साध्या 'लॅन' खांचेंत लावली. तेवढें आम्हीं आधींच बरोबर केलें होतें. वॅनमध्यें लावल्यास तो मागच्या खोलीचें निराळेंच बिऱ्हाड थाटतो. जाळ्याचें नांव व परवलीचा शब्द दोन्हींकडे एकच ठेवला. वाहिन्या मात्र निराळ्या : पुढच्याला १, मागच्याला ११, म्हणजे एकाच्या लहरी दुसऱ्याच्या आड येत नाहींत. इंटरनेट यानें वाढत नाहीं. तें तेवढेंच असतें, फक्त दूरवर पोहोंचतें.

"आतां याच्याकडे कारभार नाहीं," नात म्हणाली, "पण याच्यावांचून मागच्या खोलीला कांहीं मिळायचं नाहीं."

ती राउटरविषयींच बोलत होती. आम्हांला मात्र आमचा दूधवाला आठवला. सकाळीं फाटकाशीं आम्ही त्याला दोन लिटर सांगत असूं. सून आंतून एक सांगे. तो बिचारा ज्याचा शब्द आधीं कानीं पडे तो मानी. महिनाअखेर हिशेब जुळेना कीं दोष त्याचा! भाजीवाली, इस्त्रीवाला, मोलकरीण, सर्वांनाच आम्ही वर्षानुवर्षें पत्ते वाटीत आलों होतों. आमचा वाटपाचा अधिकार संपला, हें आमच्या ध्यानींच आलें नव्हतें. आणि घरांतील कोणींहि तें बोलून दाखविलें नव्हतें.

गुरुवारीं अक्का पडद्यावर आली. पाऊण तास आम्ही आईबद्दल बोललों. शेवटीं ती म्हणाली, "आज तूं कसा स्वच्छ बोललास!"

दुसऱ्या दिवशीं पहांटे दूधवाल्यानें विचारलें, "काका, किती?" आम्हीं म्हटलें, "आंत विचार. भांडें आम्ही आणून देतों."